आधी पूर्वपक्ष : जुनी जीप घरी दुरुस्त करणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात जीप बहुतेकांनी आधी दुसऱ्याची गाडी म्हणूनच पाहिली. तहसीलदाराची, वनखात्याची, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची, निवडणुकीत कर्णे बांधून फिरणाऱ्या उमेदवाराची, सातारा-कोल्हापूरकडे वडापवाल्याची. ती आपल्या दारात आली ती उशिरा : खात्याने लिलावात काढल्यावर, वडापवाल्याने नवी गाडी घेतल्यावर, किंवा वडिलांच्या पश्चात शेतघराच्या शेडमधून. म्हणजे हाती पडते ती गाडी जुनी तर असतेच, शिवाय तिला दहा जणांचे हात लागलेले असतात. अशी गाडी आपल्या अंगणात, आपल्या हातांनी रस्त्यावर आणायची कशी आणि मग हवेच असतील तर तिच्यात कोणते बदल करायचे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

चर्चा महिंद्राच्या जुन्या घराण्यापुरती ठेवली आहे : सीजे-३बीपासून सीजे-५००, एमएम-५४० आणि एमएम-५५० पर्यंत. मारुतीची जिप्सी आणि जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा यांनाही यातलं बरंच लागू पडेल. पण त्यांचे सुटे भाग वेगळे, दुखणी वेगळी.

आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत एक शिस्त होती. ज्याचं खंडन करायचं त्याचा पूर्वपक्ष आधी मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतका नीट. आपलं म्हणणं त्यानंतर. जीपवर काम करणाऱ्याला याहून चांगला नियम सापडणार नाही. एखादा भाग मूळ कारखान्याने तसाच का केला हे आधी कळलं पाहिजे, तो तसा चालता झाला पाहिजे, आणि मगच त्यात सुधारणा. प्रत्यक्षात होतं उलटं. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, स्टिअरिंग चतकोर फिरवलं तरी चाक हलत नाही, आणि मालक बाजारातून ३१ इंची टायर आणि एलईडीची पट्टी घेऊन येतो.

हा पूर्वपक्ष १९४० साली सुरू होतो. अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम कंपनीने केला. युद्धकाळात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनी ती लाखांच्या संख्येने बनवली. इकडे मुंबईत १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली होती. १९४७ पासून तिने माझगावात विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. १९५३ मध्ये विलीजने सीजे-३बी आणली. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, अशी एफ-हेड रचना होती. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्यासाठी बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं. आपल्याकडे त्याच चेहऱ्याच्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या. मात्र बॉनेटखाली बदल होत गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंटरनॅशनलच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन आलं, ऐंशीच्या दशकात प्यूजोच्या परवान्याने बनणारं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९०, आणि पुढे अडीच लिटरची इंजिनं.

या इतिहासाची झळ थेट हत्यारांच्या पेटीला लागते. चेसी, एक्सल आणि ट्रान्सफर केस अमेरिकी, म्हणजे इंचातल्या. प्यूजोचं इंजिन मिलिमीटरमधलं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटाला १३ चा पाना आधी बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात आणि दहा मिनिटांचं काम छन्नीवर जातं. म्हणून हत्यारांच्या प्रकरणात पान्यांचे दोन संच सांगितले आहेत. ती चैन समजू नये. आणखी एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. विलीजच्या जुन्या गाड्यांमध्ये डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत, चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून. ते खोलायला घड्याळाच्या दिशेने फिरवावे लागतात. हे माहीत नसलेला माणूस पान्याला पाइप लावतो, अंगाचा भार टाकतो आणि स्टड मोडून ठेवतो.

त्यात दहा हातांनी केलेली अदलाबदल. आरसीवर एक मॉडेल, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, पुढचा एक्सल लिलावातल्या तिसऱ्याच गाडीचा, आणि वायरिंग ज्याने केलं त्याच्या मर्जीचं. म्हणून पुस्तकाचं पहिलं प्रकरण ओळखपरेडीचं आहे : कुठला नंबर कुठे कोरलेला असतो, कुठला एक्सल कशावरून ओळखायचा. मॉडेलचं नाव सांगून सुटा भाग मागवू नये, जुना भाग पुसून हातात घेऊन जावं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, बेअरिंग आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. इथले जुने दुकानदार नावापेक्षा नमुन्यावर विश्वास ठेवतात. बेअरिंगवर नंबर असतो, ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. एवढं वाचता आलं की ‘जीपचं मिळत नाही’ ही तक्रार निम्मी होते, कारण बेअरिंगवाल्याला तुमची गाडी कुठली याच्याशी देणंघेणं नसतं.

घरी हे काम जमतं, कारण गाडीच तशी बनवली आहे. शिडीसारख्या चेसीवर सगळं नट-बोल्टांनी बसवलेलं, बॉडीसुद्धा. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा. दुखणं कॉम्प्युटरला विचारावं लागत नाही. आवाज, वास, गळती आणि उष्णता या चार गोष्टींवरून बहुतेक निदान होतं. पण सोपं आहे म्हणून धोका कमी होत नाही. चाक काढलेली गाडी केवळ जॅकवर उभी ठेवून खाली शिरू नये. विटांवर तर कधीच नाही, कारण वीट आधी सूचना न देता फुटते. लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे हवेत. विलीजच्या मूळ रचनेत पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते, त्यामुळे जमिनीचा पत्रा वेल्ड करण्याआधी टाकी उतरवून दूर न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक घातक, कारण तिच्यात वाफ असते. आणि विजेचं वेल्डिंग लावण्याआधी बॅटरीचे आणि अल्टरनेटरचे जोड सोडावेत.

कामांचा क्रम या पुस्तकाने कडक ठेवला आहे. गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग धावली पाहिजे. म्हणून ब्रेक पहिले. जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकच सर्किट चालवतो. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर झपाट्याने. ओल धरलेलं तेल घाटाच्या उतारावर तापून उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल थेट जमिनीला लागतं. आंबेनळी किंवा वरंध घाट उतरण्याआधी ज्याने दोन वर्षांत ब्रेक ऑइल बदललेलं नाही त्याने ते बदलावं, गाडी घरासमोर कितीही छान थांबत असली तरी. त्या तेलात इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नये. रबरी वॉशर फुगतात आणि सगळे सिलिंडर बदलण्याची वेळ येते. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. डिझेल गाडीला ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा व्हॅक्यूम इंजिनाकडून आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप असतो, बहुधा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला. पेडल एकाएकी जड झालं तर लायनिंग बदलण्याआधी हा पंप आणि त्याची नळी पाहावी.

दुसरं स्टिअरिंग. जुन्या जीपवाल्यांना एक अनुभव बहुधा ठाऊक असतो. पन्नासच्या आसपास वेग, रस्त्यात एक खड्डा, आणि पुढची दोन्ही चाकं अशी थरथरू लागतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते शमत नाही. यावर बाजारात तयार उपाय मिळतो : स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे आडवा लावलेला शॉकअॅब्सॉर्बर. तो लावला की थरथर कमी होते आणि मालक खूश होतो. पण मूळ दुखणं किंगपिनच्या बेअरिंगमध्ये, टायरॉडच्या टोकांत, चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा पाट्यांच्या झिजलेल्या बुशांत तसंच राहतं आणि वाढत जातं. किंगपिनच्या वर-खाली पातळ शिम घालून बेअरिंगला ठरावीक ताण द्यायचा असतो. तो संपला की चाकाला थरथरायला मोकळीक मिळते. एकाने गाडीत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावं आणि दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्यावर हात ठेवावा. ढिला सांधा हाताला कळतो. सगळे सांधे नीट झाल्यावर डॅम्पर लावला तर ती सुधारणा. आधी लावला तर आजार झाकला.

इंधनाच्या बाबतीत मूळ कारखान्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट आता आपल्या पंपांवर आहे. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे वॉशर ते सहन करण्यासाठी बनलेले नव्हते. ते मऊ पडतात, फुगतात, चिरतात. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या घालणं हा बदल मी दुरुस्तीतच धरतो, कारण गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकण्याचा प्रश्न चर्चेचा नाही. डिझेलचंही तसंच. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांहून जास्त नसतं. हवेसाठी हे चांगलं, पण जुन्या पंपांचे सील कधी कधी आकसून गळू लागतात. गळती नसूनही गाडी सकाळी दम खाऊन सुरू होत असेल तर लाइनमध्ये हवा शिरत असते. फीड पंपाचा हातपंप मारून, ब्लीड स्क्रू सैल करून, बुडबुडे संपेपर्यंत हवा काढायची. हे काम शिकलेला माणूस भर जंगलातही अडकत नाही. पंपाचं कॅलिब्रेशन आणि नोझलचं प्रेशर मात्र पंपवाल्याकडेच. त्याच्या मापयंत्राशिवाय केलेला अंदाज पिस्टन जाळतो.

फोर बाय फोर ही या गाडीची शान, आणि तिचाच गैरवापर सर्वाधिक. या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये फरक सोसणारा डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरून तो फरक मिटवतं, कोरड्या डांबरावर ते शक्य नसतं. मग ताण क्रॉसवर, शाफ्टवर आणि गिअरवर येतो. फोर बाय फोरचा दांडा बाहेर निघत नाही असं म्हणून तो हातोडीने ठोकणारे लोक या ताणाशीच भांडत असतात. गाडी थोडी मागे घेतली की दांडा सहज सुटतो. नदी ओलांडल्यावर डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं तेल पाहणं हाही याच प्रकरणाचा भाग. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. तेल बदलायचं आणि मग एक्सलचा ब्रीदर तपासायचा.

गंजाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण प्रकरण मोठं आहे. पत्र्यावरचा गंज डोळ्यांना दिसतो; घात करतो तो चेसीच्या आतला आणि बॉडी जिथे चेसीवर टेकते तिथला. किनारपट्टीवर मीठ, घाटमाथ्यावर चिखल, दोन्ही तिथेच साठतात. गंज न काढता वरून डांबरी थर मारला तर ओल आत कोंडली जाते आणि गंज पत्रा आणखी वेगाने खातो. घासा, धुवा, वाळवा, प्रायमर लावा, मगच वरचा थर. चेसीला भेग दिसली तर ती जाणकार वेल्डरकडे न्यावी. घरच्या मशीनने वरवर भरलेली भेग पुढच्या खड्ड्यात पुन्हा उघडते.

आता खंडन, म्हणजे बदल. एका बदलाचं ओझं पुढच्या भागावर कसं जातं हे टायरच्या उदाहरणावरून स्पष्ट होतं. मूळ ६.००-१६ टायरचा व्यास सुमारे २८ इंच. त्याजागी ३१ इंची लावला की व्यास सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. सीजे-३बीचं क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर ५.३८, नव्या टायरवर ते ४.८६ असल्यासारखं वागतं. चढावर इंजिन दमतं, क्लच जास्त घसरतो, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या पुढे असते. तेवढ्याच अंतरात थांबण्यासाठी ब्रेकला जास्त बळ लागतं, पण ड्रम तोच. टायर बॉडीला घासू नये म्हणून शॅकल लांब करून गाडी उंच केली, तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात, ब्रेकची रबरी नळी ताणली जाते आणि पुढच्या एक्सलचा कल बदलून तीच जुनी थरथर परत येते. मोठे टायर लावू नयेत असं मी म्हणत नाही. त्यांच्याबरोबर येणारा सगळा हिशेब आधी वहीत मांडावा, एवढंच.

काही बदल मात्र निःसंकोच करावेत असे आहेत. जुन्या वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे सुमारे नऊ अँपियर. स्विच तापतो, दिवे मंद राहतात. दोन रिले आणि फ्यूज घातले की त्याच बल्बांचा उजेड वाढतो. एकेरी मास्टर सिलिंडरच्या जागी दुहेरी सर्किटचा, डायनामोच्या जागी अल्टरनेटर, डिझेलला पाणी वेगळं करणारा फिल्टर, चेसीला धरलेला रोलबार आणि सीटबेल्ट : हे बदल मूळ कारखान्याने पुढे स्वतःच मान्य केले असते.

कायदा हाही पूर्वपक्षच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नोंद. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, समोर लावायच्या बुलबारवर कारवाई करायला केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आजचा दर आरटीओकडे पाहून घ्यावा. उलट एक दार उघडलं आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. अट अशी की चेसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. साठच्या दशकातली सीजे-३बी आज त्या वयाची आहे. तिचं हरिकेन इंजिन भंगारात देऊन डिझेल बसवणाऱ्याने हा दरवाजा आपणच बंद केलेला असतो. मूळ इंजिन काढलंच, तर निदान तेलकापडात गुंडाळून ठेवावं.

एक गोष्ट गाडीबाहेरची. काढलेलं जळकं ऑइल वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना लावायची किंवा बांधावर ओतायची सवय गावोगावी आहे. ते जमिनीत आणि विहिरीत उतरतं. कॅनमध्ये साठवून ते अधिकृत घेणाऱ्याकडे द्यावं.

वाचकाला शेवटी विनंती एवढीच, की पहिल्या दिवसापासून एक वही घालावी. काय खोललं, किती शिम निघाले, कुठल्या नंबरचं बेअरिंग बसवलं, कुठला बदल केला आणि का, हे तारखेसह लिहावं. तुमच्या गाडीला अकरावा हात लागेल तेव्हा त्या माणसाला तुमचा पूर्वपक्ष हवा असेल. आता सरळ ब्रेकच्या प्रकरणाकडे जा. टायरचं प्रकरण मुद्दामच शेवटी ठेवलं आहे.